बॅगेविना बँकॉक

पट्टा रिकामा फिरून फिरून थांबला, पण आईंची मरून बॅग काही आली नाही.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय 71, चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, आणि परदेशात पहिल्यांदाच. त्या बॅगेत सहा सुती साड्या होत्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाच दिवसांचा शिधा होता: दशम्या, मेतकूट, दाण्याची चटणी, भाजणी, आणि ‘तिकडे काय मिळेल न मिळेल’ म्हणून घेतलेला छोटा राइस कुकर. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म भरून घेतला, हात जोडून मान लववली आणि बॅग रात्रीपर्यंत हॉटेलवर पोचेल, बहुतेक, असं सांगितलं. सुट्टीचा पहिला दिवस त्या ‘बहुतेक’च्या भरवशावर सुरू झाला.

“सुवर्णभूमी!” लेकीने विमानतळाची पाटी मोठ्याने वाचली. थाई माणूस याला ‘सुवन्नफूम’ म्हणतो. 2006 मध्ये विमानतळ सुरू झाला, त्याआधी इथे दलदल होती आणि तिचं नाव होतं ‘नोंग नगू हाओ’, म्हणजे नागांचं तळं. नवऱ्याने ही माहिती पुरवल्यावर आई म्हणाल्या, “बरोबरच आहे. सोनं पुरलेलं असलं की वर नाग बसलेला असायचाच.” बॅग गेल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य. आमचा जीव भांड्यात पडला.

घड्याळं दीड तास पुढे केली आणि टॅक्सीत बसलो. बँकॉक हे नाव परक्यांचं. इथले लोक आपल्या शहराला ‘क्रुंग थेप’ म्हणतात, आणि तेही अर्धवट, कारण पूर्ण नाव उच्चारायला दम लागतो. नवरा फोनवर बघून अडखळत वाचू लागला, तेव्हा आईंनी त्याच्या हातून फोन घेतला आणि शब्द सुटे करत नेले: “…नवरत्नराजधानी पुरीरम्य उत्तमराजनिवेशन महास्थान अमरविमान अवतारस्थित शक्रदत्तिय विष्णुकर्मप्रसिद्धी. म्हणजे इंद्राने दिलेली आणि विश्वकर्म्याने बांधलेली नगरी. नाव ठेवणाऱ्याने हातचं काही राखलं नाही हो!” ‘थेप’ म्हणजे देव आणि ‘महानखोन’ म्हणजे महानगर, हेही त्यांनीच लावलं. “शेवटच्या ‘र’चा हे लोक ‘न’ करतात. नगरचं नखोन. लक्षात ठेव गं,” असं त्यांनी नातीला बजावलं. आजीची शाळा भरली होती.

ठरल्याप्रमाणे आज राजवाडा बघायचा होता. पण रात्रभर अंगावर असलेल्या आईंच्या साडीवर विमानातली कॉफीही सांडलेली. “आधी मला एक साडी घ्या, मग तुमचा राजवाडा,” असं त्यांनी फर्मावलं आणि आमचा मोर्चा पाहुरातकडे वळला.

पाहुरात म्हणजे बँकॉकचा कापडबाजार, आणि तिथला भारतही. गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट, समोशांचा वास, आणि दुकानादुकानांतून टिकल्या, जर, लेस, थाई नर्तकांचे झगमगते पोशाख. रस्त्याला नाव मिळालं ते एका लहान मुलीचं. पाचवा राम, म्हणजे राजा चुलालाँगकॉर्न, याची मुलगी पाहुरात मणिमय 1887 मध्ये वयाच्या आठव्या वर्षी वारली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिच्या आठवणीत हा रस्ता झाला. ‘पाहु’ म्हणजे बाहू, पाहुरात म्हणजे दंडावरची वाकी. पुतळ्याऐवजी मुलीच्या नावाने बाजार उभा राहिला, आणि गेली शंभरावर वर्षं इथे रोज कुणाच्या तरी लेकीचे लग्नाचे कपडे घेतले जातात.

आपल्याकडचं कापड इथे येणं मात्र रस्त्याहून कितीतरी जुनं. अयुध्या ही सियामची, म्हणजे तेव्हाच्या थायलंडची, राजधानी असताना, 1767 च्या आधी, तिथल्या दरबारात भारतीय छापील सुताला मान होता. नक्षी सियामी आवडीची असायची आणि कापड तयार व्हायचं कोरोमंडलच्या किनाऱ्यावर. त्या परंपरेला जागून आईंपुढे साड्यांचा ढीग पडला, पण सगळ्या टिकल्यांच्या. तासाभराने तळातून एक साधी, फिक्या निळ्या रंगाची निघाली. लेबल सुरतेचं. ठाण्याहून चार तासांवर असलेल्या गावची साडी घ्यायला आम्ही साडेचार तास विमानात बसलो होतो.

परकर शोधताना बॅगेची कथा निघाली. दुकानाचे मालक सरदारजी. त्यांनी ती थाईत मदतनीस मुलीला सांगितली. तिने आईंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “ना सोंगसान!”

“बेचारी, कह रही है,” सरदारजी म्हणाले.

आईंनी तो शब्द तोंडात घोळवला. सोंगसान. शेवटचा ‘न’ म्हणजे आपला ‘र’. “संसार?” नवऱ्याने फोनवर पाहिलं. शब्द खरोखर तोच. इथे येता येता त्याचा अर्थ ‘कीव येणं’ असा झालाय. आई काउंटरला धरून हसत सुटल्या. “पन्नास वर्षं केला, अर्थ आज कळला!”

पाहुरातच्या टोकाला ओंग आंग कालवा लागतो. त्याच्यावरचा छोटा पूल ओलांडला की आपण जुन्या राजनगरीच्या बाहेर पडतो. 1782 मध्ये पहिल्या रामाने राजधानी नदीपलीकडच्या थोनबुरीहून, म्हणजे धनपुरीहून, पूर्व काठावर आणली. राजवाड्यासाठी जी जागा निवडली तिथे चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. राजाने तिला उठवून नगराबाहेर दक्षिणेला जागा दिली. वस्तीच्या प्रमुखाची पदवी होती ‘राचासेत्थी’. आईंना आता कुणी विचारायची गरजच उरली नव्हती. “राजश्रेष्ठी. श्रेष्ठीचा सेट्ठी, सेट्ठीचा शेट.” शेटजी बिऱ्हाड पाठीला लावून कालव्यापलीकडे गेले, दक्षिण चीनमधून आणखी माणसं येत राहिली, आणि तिथे जी गल्ली उभी राहिली ती सांपेंग. राजवाडा उद्यावर गेलाच होता. आधी त्याला जागा करून देणाऱ्यांचं घर बघून घ्यावं.

सांपेंग म्हणजे आपली तुळशीबाग दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद केली आणि लांबच लांब ओढली तर जशी होईल तशी. दोन माणसं समोरासमोर आली की एकाने दुकानात शिरायचं. त्यातून हातगाड्या येतात, आणि हातगाडीवाला एकच हाळी देतो, ती कळली नाही तरी अंग आपोआप चोरलं जातं. बटणं, रिबिनी, मणी, केसांच्या क्लिपा, मोजे, खेळणी, सगळं डझनावारी. एक घेतलं तर एक भाव, तीन घेतले तर दुसरा, डझनाला तिसरा. लेकीने वर्गातल्या मैत्रिणींची संख्या ताबडतोब डझनात बसवली.

गल्लीचं सरकारी नाव ‘सोई वानित 1’. वानित म्हणजे वाणिज. आपला वाणी त्यातलाच. पण नावावर जाऊ नये. या भागात अफूचे अड्डे होते, जुगार होता, हिरव्या कंदिलांची कोठी होती. सांपेंगचं नाव चारचौघांत घ्यायची चोरी होती. अफूवर बंदी आली ती 1959 मध्ये. आज त्याच भिंतींना टेकून शाळेच्या कंपासपेट्या विकायला ठेवल्यात.

इथे आईंनी पंचा घेतला. पंचाच तो, चौकड्यांचा, सुती, कमरेला गुंडाळायला, डोक्याला बांधायला, प्रसंगी झोळी करायला. थाई नाव ‘पा खाओ मा’. ते फारसी कमरबंदावरून आलं असं मानतात. विकणाऱ्या बाईंनी कॅल्क्युलेटरवर 150 दाबून यंत्र आईंपुढे सरकवलं. आईंनी पुसून 100 दाबले. बाईंनी 140. आई मराठीत म्हणाल्या, “अहो, तीन घेते की.” बाई थाईत काहीतरी म्हणाल्या, त्याचा सूर इतका ओळखीचा होता की अर्थ विचारावा लागला नाही: परवडत नाही हो. शेवटी 360 ला तीन ठरले, आणि वर बाईंनी लेकीला एक रबरबँड फुकट घातला.

गल्लीतून बाहेर पडलो तो थेट यावरात रस्त्यावर, सोन्याच्या दुकानांपुढे. लालभडक भिंती आणि त्यावर ओळीने टांगलेल्या पिवळ्या साखळ्या. इथलं सोनं 96.5 टक्के शुद्धतेचं, म्हणजे 23 कॅरेटच्या आसपास, आणि ते मोजतात ‘बाथ’मध्ये. एक बाथ म्हणजे 15 ग्रॅमहून थोडं जास्त. खिशातल्या नोटेचं नाव आधी वजनाचं नाव होतं. आईंनी काचेला नाक लावून हिशेब केला. “आपला तोळा आटत आटत दहावर आला. यांचा अजून पंधरावर टिकलाय.” खरेदी तेवढ्यावरच थांबली, हे नवऱ्याचं नशीब.

यावरातचा अर्थ ‘तरुण राजा’. हा रस्ताही पाचव्या रामाचा, 1900 च्या सुमारास पुरा झालेला, दीड किलोमीटर लांब आणि कुठेच सरळ नाही. जागा सोडायला मालक तयार नव्हते म्हणून रस्ताच वळत गेला असं सांगतात. आता त्या वळणांना लोक ड्रॅगनचं अंग म्हणतात आणि कौतुक करतात.

सहा वाजता रस्त्याचा नूर पालटला. फुटपाथवर स्टीलची टेबलं उघडली, प्लास्टिकची स्टुलं पडली, चिनी अक्षरांचे दिवे लागले. एका कढईखाली जाळ इतका भडकला की लेक दोन पावलं मागे सरली. त्यात कालवं, अंडी आणि पीठ घालून केलेलं ऑम्लेट कडेने कुरकुरीत होत होतं. शेजारी काळ्या खड्यांत चेस्टनट भाजत होते, पलीकडे काडीला टोचलेली म्हाकुळं. बाप-लेकीने कालवं घेतली, मग म्हाकूळ, मग डाळिंबाचा रस. मी मधल्यामध्ये दोन्हीकडचं खाल्लं. आई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. त्यांचा शिधा कुठल्यातरी विमानतळावर अडकला होता, आणि इथे भाजीतसुद्धा माशाचं पाणी पडतं हे त्यांनी ऐकलं होतं.

“शाकाहारीला काय म्हणतात बघ,” त्या मुलाला म्हणाल्या.

“मंग-सा-वि-रत.”

“मांसविरती.” त्यांनी मान डोलावली. “आमच्या पुस्तकात होता, बोलण्यात कधी ऐकला नव्हता.”

त्याहून उपयोगी पडला तो चिनी शब्द: ‘जे’. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की तिथे मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. साधारण आपल्या नवरात्राच्याच सुमारास नऊ दिवस हा सगळा रस्ता अशा झेंड्यांनी पिवळा होतो. एरवी ते शोधावे लागतात. लेकीनेच शोधला, एका गल्लीच्या तोंडाशी. आजोबा एकटेच गाडी चालवत होते. मशरूम, टोफू, कोबी आणि तांदळाच्या रुंद शेवया. आईंनी झेंड्याकडे बोट दाखवलं, आजोबांनी झेंड्याकडे बघून छातीवर हात ठेवला. एवढं बोलणं पुरलं. आईंनी पहिला घास सावकाश खाल्ला, मग न बोलता वाडगं संपवलं. दोन्ही हातांनी वाडगं उचलून रस्सा प्यायला त्यांना इतर गिऱ्हाइकांकडे बघून जमलं.

शेवटी आंबा-भात. बाईंनी आंबा तळहातावर धरून साल एका लांब पट्टीत काढली, दोन बाजूंचे गाल उतरवले आणि आडव्या कापांनी पंख्यासारखे पसरवले. शेजारी चिकट तांदळाचा गोड भात, वर नारळाचं घट्ट दूध आणि भाजलेली मूगडाळ. आंब्याला हापूसचा घमघमाट नव्हता, पण रेषेचं नाव नाही आणि साखरेसारखा गोड. आई भातावर अडल्या. जीभ टाळूला लावून विचार केला. “नारळाच्या दुधात मीठ आहे.” मी म्हटलं, आपण नारळीभातात चिमूट घालतोच की. “चिमूट नाही, चांगलं मीठ. म्हणून आंबा जास्त गोड लागतो. आपण हे का केलं नाही?” हा प्रश्न मला नव्हता, तो त्यांच्या सासूबाईंना असावा.

रात्री दहाला हॉटेलवर पोचलो, तर मरून बॅग रिसेप्शनपाशी उभी. कुलूप शाबूत, मेतकुटाचा वास बाहेरपर्यंत. तिथल्या मुलाने सही घेतली आणि सांगितलं की उद्या नाश्ता उशिरापर्यंत मिळेल, कारण उद्या ‘वान आथित’. वान म्हणजे दिवस, एवढं आम्हाला एव्हाना येत होतं.

आई लिफ्टपाशी थांबल्या. “आथित. आदित्य. आदित्यवार… आइतवार!”

“म्हणजे संडे ना आजी?” लेक.

“माझी आई आइतवारच म्हणायची गं. गावाकडची मुलंसुद्धा वहीत तेच लिहायची.” त्या जरा गप्प झाल्या. “आणि मी चौतीस वर्षं लाल शाईने तो खोडून वर ‘रविवार’ लिहीत आले. शुद्ध भाषा म्हणून.”

खोलीत आल्यावर मी विचारलं, बॅग उघडू का, दशम्या काढू? आईंनी नवा पंचा उशीवर अंथरला. “असू दे. उद्या आइतवारी बघू.”