आत्याची कुलमुखत्यार

भाईंदर पूर्वेला खारी गावात एका जुन्या इमारतीत आत्याचं घर होतं. मुलं दोन्ही बोटीवर, आणि गुडघ्यांमुळे तिला जिना उतरवेना. घर विकायचं ठरलं तेव्हा तिने मला कुलमुखत्यार नेमलं. 1908च्या नोंदणी कायद्यात अशा माणसांसाठी गृहभेटीची सोय आहे. दुय्यम निबंधक कार्यालयाची माणसं घरी आली, मजकूर वाचून दाखवला, तिचा फोटो आणि अंगठा घेतला. सगळं झाल्यावर आत्या मला म्हणाली, "सही तू कर, पन आधी मना इचार."

भारतीय करार कायद्याचं कलम 214 नेमकं हेच सांगतं: अडचण आली की मुखत्याराने, ज्याने नेमलं त्याला गाठून विचारायचं. मी प्रत्येक वेळी विचारलं. बयाणा किती घ्यायचा, ताबा कधी द्यायचा, कपाट कुणाला, सगळं तीच ठरवायची.

शेजारपाजारी मात्र "आता घर तुझंच" असं धरून चालले होते. हा समज फार जुना आहे आणि त्यात पुष्कळांचे पैसे बुडाले आहेत. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर घरं, जमिनी विकत घेणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली, सूरज लॅम्प खटल्यात, स्पष्ट सांगितलं की यातून मालकी मिळत नाही. घर आत्याचं होतं. माझ्याकडे होता तो तिने दिलेला सहीचा अधिकार, तिच्या कामापुरता.

बयाणा झाला आणि खरेदीखताआधीच, पावसाळ्यात, आत्या गेली.

दहावं व्हायच्या आत एजंटचा फोन आला. पत्र नोंदणी केलेलं आहे, रद्द कुणी केलेलं नाही, उद्या सही करून टाका, मृत्यूचं कोण विचारतंय? मी साफ नाही म्हटलं. कलम 201प्रमाणे नेमणारा माणूस गेला की मुखत्यारकी तिथेच संपते, नोंदणी असली तरी. मुखत्याराचा स्वतःचा हक्कच त्या मालमत्तेत गुंतलेला असेल तर गोष्ट वेगळी. माझा तसा काही नव्हता. शिवाय आता विचारायचं कुणाला? ती नसताना तिच्या नावाने सही करायची कल्पनाही मला सहन होईना.

मग वकिलांनी कलम 209 दाखवलं. अधिकार संपला तरी वारसांसाठी त्या मालमत्तेची वाजवी काळजी घेणं मुखत्याराला बंधनकारक असतं. ते वाचून मला फार धीर आला, कारण आत्याचं माझ्याकडे अजून काही काम उरलं होतं. घराला कुलूप घातलं, सोसायटीला लेखी कळवलं, खरेदीदाराला मृत्यूचा दाखला दाखवला. तो भला माणूस, थांबायला तयार झाला.

मुलं बोटीवरून उतरल्यावर बयाण्याचा आणि खर्चाचा हिशेब, पावत्या, किल्ल्या त्यांच्या हाती दिल्या. वारसांची कागदपत्रं पुरी झाल्यावर खरेदीखतावर सह्या त्या दोघांनी केल्या. मी साक्षीदार म्हणून सही केली.