गोंडे फुलल्यावर

बाजारच्या कांद्यात डेंगळा दिसला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. दांडा वर आला की कांदा पोसत नाही, व्यापारी तो बाजूला काढतो. माझ्या बियाण्याच्या वाफ्यात मात्र मी याच डेंगळ्यांची वाट पाहते.

बियाण्याचं खरं काम कांदाचाळीत सुरू होतं. एप्रिलमधला उन्हाळ कांदा चाळीत भरायचा आणि त्यावरून अख्खा पावसाळा जाऊ द्यायचा. सडणारे सडतात, कोंब फुटणारे फुटतात. दिवाळीच्या सुमारास जे टणक उरतात त्यांतूनच मी निवडते: मध्यम आकार, सारखा रंग, बारीक मान. जोडकांदा नकोच. ही निवड घाईत उरकली, तर पुढे कितीही खत घाला, बियाणं सुधारत नाही. लावताना वरचा एक तृतीयांश भाग कापला की कोंब लवकर आणि सारखे निघतात.

थंडी अंगात मुरली की पोकळ दांडे वर येतात. टोकाचा पातळ पापुद्रा फाटतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत मळा पांढऱ्या गोंड्यांनी भरतो. युरोपातल्या बागांत कांद्याच्या जातभाईंची जांभळी फुलं निव्वळ शोभेसाठी लावतात. त्यांतल्या बहुतेकांना कडक थंडी मानवते. आपला घरचा कांदा देखणेपणात त्यांच्यामागे नाही, हे मी पैजेवर सांगेन.

एका गोंड्यात शेकडो फुलं असतात, आणि ती एकदम उमलत नाहीत. प्रत्येक फुलाचे सहा पुंकेसर आधी पराग सांडून मोकळे होतात, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. फुलाचा स्वतःचा पराग त्याच्या कामी येत नाही. दुसऱ्या फुलावरचा आणायला मधमाशीच हवी. म्हणून फुलोऱ्यात मी फवारा उचलत नाही. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडा उघडण्याआधीच करायचा. फुललेल्या गोंड्यावर औषध मारणं म्हणजे आपल्याच हातानं बी जाळणं.

हीच माशी शेजारच्या मळ्यातला परागही आणते. प्रमाणित बियाण्याला दोन जातींत किमान ५०० मीटर अंतर लागतं, पायाभूत बियाण्याला १००० मीटर. म्हणून माझा एन-२-४-१ जातीचा कांदा लावण्याआधी मी बांधाबांधावर जाऊन कोण कोणत्या जातीचं बी धरणार आहे ते विचारून येते. हे बोलणं लागवडीइतकंच महत्त्वाचं.

गोंडे पिकतातही मागंपुढं. काळं बी डोकावू लागलं की सकाळच्या गारव्यात तेवढेच कापायचे. उन्हात हात लावला तर बी मातीत सांडतं. आणि हे उळं, म्हणजे कांद्याचं बी, साठवून चालत नाही. साध्या खोलीत वर्षभरातच त्याची उगवण घटते. त्यामुळे एप्रिलचं उळं मी त्याच वर्षीच्या रब्बी रोपांसाठी गावात देऊन संपवते, आणि नेणाऱ्याला गोंडे कधी कापले तेही सांगते.