ऐकलेले देऊळ

देवदर्शनास निघालेल्या मंडळींत पादत्राणे सांभाळावयास मागे राहणारे एक माणूस असतेच. आमच्या घरी हा मान कित्येक वर्षे थोरल्या काकांकडे, म्हणजे आमच्या तात्यांकडे, होता. काचबिंदूने त्यांची दृष्टी पन्नाशीच्या आतच गेली. उजेड कोणत्या अंगाने येतो एवढेच काय ते उजव्या डोळ्यास कळे. तेव्हापासून मेहकरचा बालाजी असो, शेगाव असो की माहूर असो, "तात्या, आत पायऱ्या फार आहेत, तुम्ही येथेच सावलीत टेका," असे म्हणून आम्ही त्यांच्याभोवती चपलांचा ढीग मांडीत असू आणि परतताना प्रसाद आणून त्यांच्या हातावर ठेवीत असू. यात काही वावगे आहे असे आम्हांस कधी वाटले नाही. उलट आपण त्यांना किती जपतो, असेच समाधान वाटे.

एकदा लोणारहून परतल्यावर रात्री पंगतीत दैत्यसूदनाच्या देवळाची वाखाणणी चालली होती. काय ती शिल्पे, काय तो नाजूकपणा! तात्यांनी मठ्ठ्याचा घोट घेत विचारले, "मंडपात खांब किती आहेत रे?" देऊळ डोळ्यांनी पाहून आलेले आम्ही नऊजण पानावर होतो. एकाने एक आकडा सांगितला, दुसऱ्याने त्याच्या दुप्पट. खांब गोल की चौकोनी, याविषयीही मतभेद झाला. तात्या म्हणाले, "मग मी बाहेर बसून तुमच्याहून फारसे गमावले नाही." हे ते रागाने म्हणाले असते तर बरे झाले असते. ते हसत म्हणाले, आणि आम्हांस त्या रात्री लवकर झोप लागली नाही.

पुढल्याच महिन्यात आम्ही तात्यांना घेऊन पुन्हा लोणारास गेलो. बरोबर तिसरे कोणी घेतले नाही.

देवळासमोर उभे राहून आम्ही मोठ्या उत्साहाने आरंभ केला : "तात्या, समोर एक भव्य आणि अत्यंत सुंदर मंदिर आहे."

"हे मी पंगतीत ऐकले," तात्या म्हणाले. "भव्य म्हणजे केवढे? आपल्या वाड्याएवढे, की मारुतीच्या पाराएवढे?"

आमची वाणी तेथेच खुंटली. भव्य, सुंदर, अप्रतिम हे शब्द देवळाविषयी काहीच सांगत नाहीत; देवळापुढे आमचे काय झाले तेवढेच सांगतात. संजयाची आठवण त्या क्षणी झाल्यावाचून राहिली नाही. परंतु संजयाचे काम, खरे पाहता, आमच्याहून सोपे होते. रणांगणावर क्षणोक्षणी काही तरी घडत होते. कोणी बाण सोडला, कोणी पडला, एवढे सांगितले की धृतराष्ट्राच्या मनात चित्र हलू लागे. देऊळ मात्र शेकडो वर्षे जागचे हललेले नाही. तेव्हा चालावयाचे कोणी तर ऐकणाऱ्याने, आणि त्याचे पाऊल जसे पुढे पडेल तसा एकेक दगड त्याच्या वाटेत आणून ठेवावयाचा, एवढाच मार्ग उरतो.

म्हणून आम्ही जोत्यापासून सुरुवात केली. हे जोते सुमारे पाच फूट उंच आहे. ते आकड्याने सांगण्यापेक्षा आम्ही तात्यांचा हात त्याच्या वरच्या कडेवर ठेवला; तो जवळजवळ त्यांच्या खांद्यापर्यंत वर गेला. इतक्यात पहारेकरी लगबगीने आला. शिल्पांना हात लावू नये हा नियम योग्यच आहे. हजारो हात फिरले म्हणजे काळा पाषाणदेखील झिजतो, हे कोणत्याही जुन्या देवळाच्या उंबरठ्यावर पाहावे. तात्यांची स्थिती ध्यानी येताच तो गृहस्थ म्हणाला, "बाबांना खालच्या साध्या दगडांवरून हात फिरवू द्या, मूर्तींना नको." मग स्वतःच दोन पावले पुढे चालत "येथे खळगा आहे, जपून" असे सांगू लागला.

या देवळाचा तळ अनियमित तारकेच्या आकृतीचा आहे. हे आम्ही पुस्तकात वाचले होते, आणि आधीच्या भेटीत वाचल्याचे विसरलोही होतो. कारण डोळ्यांना एका वेळी एकच बाजू दिसते व ती भिंतीसारखीच भासते. तात्यांचा हात मात्र कडेवरून चालला तो बाहेर येई, वळे, आत जाई, पुन्हा बाहेर येई. अर्धी प्रदक्षिणा झाली नाही तोच ते थांबून म्हणाले, "अरे, ही भिंत नव्हे, ही तर चुणीदार उपरण्याची घडी आहे." इतकी नेमकी उपमा आम्हांस सात जन्मांत सुचली नसती.

लोक याला हेमाडपंती म्हणतात. हेमाद्रि हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री. जाणते लोक या देवळाचे नाते त्याआधीच्या चालुक्यांशी जोडतात. इतिहास आम्ही भराभर सांगून टाकला, कारण तात्यांना त्यात रस नव्हता. वर काय आहे, असे त्यांनी विचारले. शिखर अपुरेच राहिले आहे, असे सांगताच ते क्षणभर गप्प झाले. "बरे झाले सांगितलेस. मी मनात केव्हाच कळस चढवला होता." जे आहे ते तर सांगावेच, परंतु जे नाही तेही सांगावे लागते, हा धडा तेथे मिळाला. डोळस माणसाला रिकामे आकाश आपोआप दिसते. इतरांच्या मनात ते सवयीने भरून निघते.

आत पाऊल टाकले आणि उन्हातून आल्यामुळे आम्हीच आंधळे झालो. तात्या मात्र निर्धास्त. त्यांनी सावकाश विष्णूचा श्लोक म्हटला आणि कान देऊन म्हणाले, "छत येथे उंच आहे, पुढे बुटके होत जाते." विजेरी लावून पाहतो तो गाभाऱ्याकडे खरोखरच तसे होते. छतावरचे कोरीव प्रसंग सांगताना आम्ही घड्याळाचा आधार घेतला : तुमच्या डोक्यावर घड्याळ धरले आहे असे समजा, बाराच्या जागी अमुक, तीनच्या जागी तमुक. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचे हे स्थान. तेव्हा कोणाचा पाय कोणावर, कोणाचा हात उगारलेला, हे सांगण्यास प्रत्येक आकृती निरखून पाहणे भाग पडले. खांबही या वेळी आम्ही मोजले.

अशा रीतीने दृश्य बोलून दाखविणे ही आता जगात एक विद्याच झाली आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज नाट्यगृहात १९८१ च्या सुमारास मार्गारेट फॅन्स्टील या स्वतः दृष्टी गमावलेल्या बाईंच्या पुढाकाराने तिचा पाया घातला गेला, आणि तेथून ती संग्रहालये व जुन्या इमारती यांच्या फेरफटक्यांपर्यंत पसरली. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली 'अनुभव' नावाचे दालन उघडले, त्यात मूर्तींच्या प्रतिकृतींना हात लावता येतो. मूळ मूर्ती सुरक्षित राहते व चाचपणाऱ्याचे मनही मोडत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यात सांस्कृतिक जीवनातील समान सहभागाचा उल्लेख आहे. कायदा झाला हे चांगलेच. पण आमच्या घरात चपलांजवळ कोणाला बसवावयाचे हे काही कायदा ठरवीत नव्हता. आणि हे आम्ही वऱ्हाडातले लोक! शैशवातच दृष्टी गेलेल्या गुलाबराव महाराजांना प्रज्ञाचक्षु म्हणून हात जोडणारे, आणि घरच्या प्रज्ञाचक्षूला पायऱ्यांचे भय दाखवून बाहेर ठेवणारे.

परतताना सिंदखेडराजास उतरलो. लखुजी जाधवांच्या वाड्याच्या दरवाजाखाली पावलांचा आवाज बदलताच तात्या थबकले, आणि काही न बोलता दोनदा मागे-पुढे चालून आले. जिजाऊंचा जन्म येथे १५९८ साली झाला, हे त्यांनीच आम्हांस सांगितले.

घरी आल्यावर काकूंनी पाट मांडले आणि त्या दिवशी बोलण्याची पाळी तात्यांची होती. त्यांनी जोते किती उंच हे हात वर करून दाखविले, भिंतीची घडी उपरण्यावर करून दाखविली, शिखर का सांगितले नाही याचे कारण सांगितले. काकू तेथे तीनदा जाऊन आलेल्या, त्या वाढता वाढता थांबून म्हणाल्या, "अग बाई, असे कोपरे आहेत होय तेथे!"

कोपऱ्यांच्या एकूण संख्येत मात्र तात्यांचा व आमचा अद्यापि मेळ बसत नाही. त्यांची मोजदाद हाताची, आमची डोळ्यांची. तेव्हा दिवाळीनंतर पुन्हा जावयाचे ठरले आहे. काकूही येतो म्हणतात.