पुडा आजीच्या ताब्यात

‘आपटू द्या, लक्ष देऊ नका’ हा पुस्तकातला सल्ला नांदेड-लातूरकडच्या घरात दोन दिवसही टिकत नाही. खोली एक, माणसं सात, पत्र्याला पत्रा लागून शेजारी. बोलता न येणारं लेकरू भिंतीवर कपाळ आपटायला लागलं, की आई कशीबशी मान फिरवते. पण ओसरीवरची आजी? “ताई, रगत निघायलंय की त्याच्या कपाळातून, अन् बघत बसा म्हन्ता?” असं सल्ला देणाऱ्या मलाच सुनावून ती पुड्यातलं बिस्कीट काढते आणि नातवाच्या हातावर ठेवते. लेकरू गप्प. आजीचा उपाय माझ्यापेक्षा लवकर लागू पडतो, यात वादच नाही.

पण हवं असेल तर आपटायचं, एवढं त्या बिस्किटातून लेकरू पक्कं शिकतं. त्यात ते दर वेळी मिळतं असंही नाही. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने. असं अधूनमधून मिळणारं बक्षीस सवयीला फार चिवट करतं. सगळ्यांनी मन घट्ट केलं तर आपटणं आधी वाढतं, मग कमी होतं. ते वाढतं तेव्हाच घर हरतं. पुढच्या खेपेला लेकरू तिथूनच सुरुवात करतं.

म्हणून पहिल्या भेटीत मी सांगत काही नाही, विचारत बसते. आधी काय घडलं, नंतर काय मिळालं? त्याहीआधी कान, दात, पोट. स्वतःच्या कानावर सतत चापट्या मारणाऱ्या एका मुलाला घरच्यांनी दोरे बांधून आणले होते, बाहेरचं झालंय म्हणून. कानात पू होता. असं निघालं की माझं काम डॉक्टरकडे पाठवण्यापुरतंच.

ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये अमेरिकेत स्वतःला इजा करणाऱ्या मुलांना वेगवेगळ्या प्रसंगांत ठेवून पाहिलं. दिसायला सारखीच इजा, पण कुणी लक्ष वेधायला करतं, कुणी काम टळावं म्हणून, कुणी एकटं असतानाही. आपल्याकडे सिकंदराबादच्या मतिमंदांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेतून 1992 मध्ये पेशवारिया आणि व्यंकटेशन यांची भारतीय मुलांसाठीची वर्तनसूची आली. तिच्या दुसऱ्या भागात 75 त्रासदायक वर्तनं आहेत. नांदेडहून रेल्वेने सिकंदराबाद गाठणाऱ्या पालकांच्या फायलीत तिचे कागद असतात. कागद चांगलेच आहेत, पण आजीला त्यात रकाना नाही.

मला कामाला आली ती कार आणि ड्युरँड यांची 1985 सालची मांडणी: इजा करून जे मिळतं, तेच मागायचा सोपा मार्ग आधी शिकवा. ही आजीच्या मायेआड येत नाही, म्हणून मला आवडते. पार्ले-जीचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवला आणि म्हटलं, “आजी, बिस्कीट तुम्हीच द्यायचं. फक्त आपटायच्या आधी.” मागे बसून लेकराचा हात धरायचा, पुठ्ठा आजीच्या हातात द्यायला लावायचा, बिस्कीट लगेच. हळूहळू आपला हात काढून घ्यायचा. हे आजीला आईपेक्षा लवकर जमलं. तिला वेळ होता, आणि देण्यावर बंदी नव्हती. मग तक्रार आली, “पुडाच संपायलाय, ताई!” तेव्हा थांबायला शिकवणं सुरू केलं, आधी पाच अंक मोजेपर्यंत, मग दहा.

सगळं असं सरळ होत नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत घरचे शेतात जातात आणि मोठा झालेला, चावणारा मुलगा बाजेला बांधलेला सापडतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळदंडाला बंदी आहे. पण त्याच कायद्याच्या मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळलेलं आहे. तसंही, कायदा वाचून दाखवल्याने दोरी सुटत नाही. दुपारी त्याच्याजवळ कोण बसणार, हे ठरलं तर सुटते. चावणं, आपटणं कमी व्हावं म्हणून दिली जाणारी रिस्पेरिडोनची गोळी काहींना खरंच उपयोगी पडते, पण भूक आणि वजन वाढवते. आणि मागायचं कसं, हे गोळी शिकवत नाही.

बिस्किटाच्या घरात आता अडचण काकांची आहे. पुठ्ठा पुढे केला की ते हसून बाजूला ठेवतात, पोरगं खेळायलंय म्हणून. त्यांच्यासमोर आपटणं अजून तसंच आहे. पुढच्या भेटीला त्यांना थांबवून ठेवायचं काम आजीने अंगावर घेतलं आहे.