६१७४

ज्यांना बोदवडच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहण्याचा प्रसंग वारंवार येतो, त्यांच्यासाठीं वेळ काढण्याची एक युक्ति सांगतों. चार अंकांची कोणतीहि संख्या घ्यावी. मात्र चारहि अंक सारखे नसावेत. ते उतरत्या क्रमानें मांडावे, त्यांतून चढत्या क्रमानें मांडलेली संख्या वजा करावी, आणि उत्तरावर पुन्हां हाच संस्कार करावा. १९०५ घेऊं. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढें ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४. येथून हलणें नाहीं. ७६४१ वजा १४६७ पुन्हां ६१७४च! कोठूनहि निघा, सातांहून अधिक खेपा लागत नाहींत.

१९०५ हें साल मीं सहज घेतलेलें नाहीं. या संख्येचा हा गुण ज्यांनीं १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत मांडला, त्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचें तें जन्मसाल. डहाणूस जन्म, फर्ग्युसन कॉलेजांत शिक्षण, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तरकी. त्यांच्याच जन्मसालाच्या वांट्याला सर्वांत लांबची वाट यावी, हा निव्वळ योगायोग. पण मला तो आवडतो.

"सर, याचा उपयोग काय?" असें एका विद्यार्थ्यानें विचारलें. ज्याच्या घरचा वर्षाचा हिशेब कापसाच्या भावावर ठरतो, त्यानें हें विचारणें गैर नव्हे. खुद्द हार्डीचा, ज्यानें रामानुजनास पारखलें त्याचा, निकालहि याहून फारसा निराळा नाहीं. ८७१२ ही उलट वाचलेल्या २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट, असल्या गोष्टी कोड्यांच्या सदरास शोभतात, गणितज्ञास त्यांत रस नाहीं, असें त्यानें १९४० सालीं लिहून ठेवलें. मनुष्यास बारा बोटें असतीं आणि तो बारांच्या पटींत मोजता, तर ६१७४ ला हा मान मिळता ना, हें खरेंच आहे.

तरीहि हार्डी मला अर्धाच पटतो. उतरत्या क्रमांतील अंक क, ख, ग, घ मानले तर वजाबाकी म्हणजे (क − घ) ची ९९९ पट अधिक (ख − ग) ची ९० पट. पहिला फरक १ ते ९ पर्यंतचा, दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याइतका. तेव्हां सगळ्या हजारों संख्या पहिल्याच खेपेस अवघ्या ५४ उत्तरांत येऊन कोंबल्या जातात. त्या चोपन्नांची झडती एका दुपारीं घेतां येते. एरवीं आमचा विद्यार्थी प्रत्येक सूत्र माझ्या शब्दावर घेतो. येथें त्यास माझ्या शब्दाची गरज पडत नाहीं. एवढी एक दुपार मला पुष्कळ मोलाची वाटते.

अंकांच्या बेरजेनें जी भागली जाते तिला कापरेकरांनीं 'हर्षद' म्हटलें. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि भागाकार ३४३, म्हणजे सातांचा घन! कित्येकांना हा सारा पोरखेळ वाटे. मार्च १९७५ मध्यें अमेरिकेंतील एका विज्ञान-मासिकांत मार्टिन गार्डनर यांनीं कापरेकरांविषयीं लिहिलें, तेव्हां कोठें त्यांचें नांव दूरवर गेलें. १९८६ सालीं ते वारले.

तीन अंकांना ४९५ हें असेंच घर आहे. दोन अंकी संख्या मात्र ९, ८१, ६३, २७, ४५ अशा फेऱ्या घालीत राहतात, आणि पांच अंकांनाहि विसांवा नाहीं. उपयोग विचारणारा तो विद्यार्थी सध्यां या पांच अंकांच्याच मागें लागला आहे. त्याची वही भरत आली; मीं त्यास अजून कांहीं सांगितलेलें नाहीं.