कुटुंब नियोजन: आधी तिला विचारा!

वस्तीत बाळंतिणींच्या घरी जाताना आम्ही 'कुटुंब नियोजन' हा शब्द तोंडी घेत नाही. आमच्या बायांना त्याचा एकच अर्थ माहीत आहे: ऑपरेशन. तेही बाईचेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहितांमध्ये स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के! याला नियोजन म्हणायचे की लादणे?

म्हणून आम्ही प्रश्नच बदलला. "ताई, पुढच्या दोन वर्षांत तुला काय करायचंय?" कुणी म्हणते बारावी, कुणी शिवणक्लास, कुणी म्हणते आधी अंगात रक्त भरू दे. मग तांबी, अंतरा इंजेक्शन, गोळ्या, निरोध ही माहिती तिच्या बेताशी जोडता येते. पाळणा लांबवणे हा सरकारचा हुकूम न राहता तिचा निर्णय होतो. आई सावरते, अंगावरच्या बाळालाही पुरेसे दूध मिळते.

हा विचार बाहेरून आलेला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. सभागृहाने तो फेटाळला. १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेब थेट स्त्रियांशीच बोलले: लग्नाची घाई नको, फार मुले नकोत. त्यांनी नवऱ्याला वा सासूला नव्हे, तिलाच निर्णय घेणारी माणूस मानले.

आरोग्य केंद्रांनी निदान एवढे तरी करावे: ऑपरेशनची तारीख देण्याआधी तिचा बेत विचारावा.

जय भीम!