घुमते, पण फिरत नाही

आमच्या पवनीच्या घरी कपडे धुण्याचे जे यंत्र आहे, त्याला दोन कप्पे आहेत. एकात कपडे धुवायचे, दुसऱ्यात पिळायचे. या दुसऱ्या कप्प्याला सगळेच ‘ड्रायर’ म्हणतात. पण तो काही कपडे वाळवीत नाही. तिथे ना ऊब, ना वारा. मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेऊन तो कपड्यांतले पाणी भोकांवाटे बाहेर फेकतो, एवढेच. परंतु भाद्रपदाच्या झडीत हे ‘एवढेच’ केवढे मोठे असते, ते अंथरुणाला खिळलेले माणूस ज्या घरात आहे त्यालाच विचारावे.

बाबा तीन वर्षांपासून अंथरुणावर आहेत. दिवसाकाठी दोन-तीन चादरी धुवाव्या लागतात. मी नागपूरला असतो. रोज रात्री फोनवर ‘सगळं ठीक ना?’ असे विचारतो, आई ‘ठीक आहे’ म्हणते, आणि मी सुखाने झोपतो. यंदा उमरेड-भिवापूरवरून येणाऱ्या बसने अचानक घरी पोचलो, तेव्हा आई न्हाणीत बसून चादर पिळत होती. मध्येच थांबून मनगट दाबीत होती. मनगट सुजले होते.

“ड्रायर फिरत नाही पंधरा दिवसांपासून,” ती म्हणाली, जणू मांजर दूध प्यायले असे सांगावे तशी.

मी शिकलेला मुलगा! लगेच बाह्या सरसावल्या. प्लग घट्ट बसवला. झाकण नीट लागल्याशिवाय ड्रायरची वीज सुरू होत नाही एवढे मला ठाऊक होते, म्हणून ते दोनदा उघडून लावले. चादर सारखी पसरून तिच्यावर चकती दाबली आणि टाइमरची कळ फिरवली. आतून ‘घूंऽऽ’ असा आवाज आला. टोपली मात्र तसूभर हलेना. शेवटचा उपाय म्हणून यंत्राला एक थापट मारून पाहिली. मग निकाल देऊन टाकला, “मोटर जळाली. नवीनच घेऊ.”

आईने कळ बंद केली आणि शांतपणे म्हटले, “गुणगुणते ना रे ती? मग मेली कशी?”

ज्या गावात १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले आणि मातीखालून दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला, त्या गावात तरी उकरून पाहण्याआधी निकाल देऊ नये, हे मला उमगायला हवे होते.

संध्याकाळी दुरुस्तीवाला पोरगा आला. पवनी हे जुने कोष्ट्यांचे गाव; त्याचे आजोबा मागावर बसत. त्याने आधी प्लग काढला, मागचे झाकण उघडले आणि मला ड्रायरचे झाकण दाबून धरायला सांगितले. खालचे चाक हाताने फिरवले. ते सहज फिरले.

“ब्रेक सुटते जी,” तो म्हणाला. “झाकण लावलं का तार ब्रेकला ओढून धरते. तार गंजली का ब्रेक सुटत नाही, मग मोटर घुमत राहते. काकू, कधी रुमाल-मोजा आत गेला का? तोही नाही. आबाजी म्हणत, माग अडला त धागा तोडू नये, कुठं अडला ते पाहावं.”

मग त्याने काडेपेटीएवढी एक डबी दाखवली. तो कपॅसिटर. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते, म्हणून मला हात लावू दिला नाही. ती आधी रिकामी करून त्याने मीटर लावला. डबीवर ५ चा आकडा होता. मीटर दीडसुद्धा दाखवीना.

घरच्या एकेरी विजेने मोटरीत जोर येतो, पण तो मागे-पुढे झोके घेतो. त्याला फिरण्याची दिशा नसते. कपॅसिटर दुसऱ्या वेटोळ्यातली वीज जरा पुढे काढून देतो, तेव्हा कुठे मोटरीला पहिली गिरकी मिळते. तो सुकला की मोटर जागच्या जागी घुमते, तापते, आणि तशीच चालू ठेवली तर खरोखरच जळते. आई रोज एकदा कळ फिरवून बघे आणि आवाज ऐकताच बंद करी. मोटर वाचली ती त्यामुळे. कोणी सांगितले होते तिला?

“कोणी नाही. कण्हणाऱ्याला ओढू नये, एवढं कळतं मला,” ती म्हणाली, आणि आत बाबांच्या खोलीकडे पाहिले.

मला त्या पंधरा रात्रींचे फोन आठवले. तीही ‘ठीक आहे’ असे गुणगुणतच होती. मी आवाज ऐकत होतो, आणि आवाज आहे म्हणजे घर चालले आहे, असे धरून चाललो होतो. मोटर आवाज असून मेली ठरवली. आई आवाज असल्यामुळे बरी ठरवली. दोन्ही वेळा उघडून पाहिले नव्हते.

त्याच मापाची नवी डबी बसली. कळ फिरवली तशी टोपली क्षणभर थरथरली आणि सुसाट सुटली. नळीतून पाण्याची धार लागली.

हल्ली मी फोनवर ‘सगळं ठीक ना?’ विचारीत नाही. आज किती चादरी झाल्या, मनगट कसे आहे, बाबा किती जेवले, असे विचारतो. आई वैतागते, पण सांगते.

त्या संध्याकाळी तिने ड्रायरमधून चादर काढली, दोरीपाशी नेली, आणि वाळत घालण्यापूर्वी सवयीने दोन्ही हातांनी पिळली. एक थेंबही पडला नाही. तिने एकदा चादरीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा एकदा पिळून पाहिली.